काढलेला फोटो वाचणार कोण?

अमेरिकेत मेम्फिस शहराजवळ मिसिसिपी नदीवर हर्नांडो डी सोटो नावाचा पोलादी कमानीचा पूल आहे. 1973 साली खुला झालेल्या या पुलावरून आंतरराज्य महामार्ग 40 जातो. 11 मे 2021 रोजी नेहमीच्या तपासणीसाठी गेलेल्या एका निरीक्षकाला कमानीची दोन टोके ताणून धरणाऱ्या आडव्या तुळईला तडा गेलेला दिसला. तुळई जवळजवळ आरपार फाटली होती. त्याने तिथूनच आपत्कालीन क्रमांकावर फोन करून वाहतूक थांबवायला सांगितली. पूल लगोलग बंद झाला, खालून जाणारी मालवाहू जहाजेही काही दिवस अडकली, आणि दुरुस्ती होऊन वाहतूक पूर्ववत व्हायला ऑगस्ट उजाडला. पुढे जुन्या नोंदी चाळताना मे 2019 मधले एक ड्रोन चित्रीकरण हाती लागले. एका सल्लागार कंपनीने काढलेल्या त्या चित्रीकरणात हाच तडा दिसत होता. म्हणजे किमान दोन वर्षे तडा पुलावर होता, दोन वर्षे त्याचा पुरावा संगणकात पडून होता, आणि मधल्या काळात 2019 आणि 2020 च्या तपासण्या होऊनही तो कोणाच्या अहवालात आला नाही.

ड्रोनबद्दल आपल्याकडे जे बोलले आणि लिहिले जाते त्यात उड्डाणाचे कौतुक फार असते. वाऱ्यात टिकणारा ड्रोन, पावसात उडणारा ड्रोन, अंधाऱ्या बोगद्यात स्वतः वाट काढणारा ड्रोन. हे कौतुक खोटे नाही. त्यामागची अभियांत्रिकी खरोखर अवघड आहे आणि पुढे तिच्याविषयी सविस्तर लिहिलेही आहे. पण मेम्फिसच्या त्या ड्रोनने आपले काम चोख केले होते. तो जागेवर पोहोचला, कॅमेरा स्थिर राहिला, तडा टिपला गेला. पुढची साखळी तुटली. अवघड जागी ड्रोन पाठवण्याचा खरा उपयोग उड्डाण संपल्यानंतर ठरतो: चित्रे कोण वाचतो, ती मागच्या वर्षीच्या चित्रांशी कोण ताडून पाहतो, आणि वाचून झाल्यावर पूल बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे. महाराष्ट्रात पूल, घाट आणि रेल्वेमार्ग यांच्यासाठी ड्रोनवर खर्च वाढत असताना, या दुसऱ्या भागाची तरतूद पहिल्याइतकीच आधी झाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

ड्रोन हवाच कशाला, इथून सुरुवात करू. पुलाचा रोग बहुतेक वेळा रस्त्यावरून दिसत नाही. तो गर्डरच्या पोटाला, बेअरिंगच्या खाचेत, खांबाच्या माथ्याशी असतो. तिथे पोहोचायचे तर पुलावर ट्रक उभा करून त्याचा लांब हात कठड्यावरून खाली वळवावा लागतो आणि पाळण्यात बसून माणसे गर्डरखाली जातात. यासाठी एक मार्गिका बंद ठेवावी लागते, आणि अशी यंत्रे मोजकीच असतात. दुसरा मार्ग मचाणाचा, तिसरा दोराला लोंबकळण्याचा. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल तळापासून 64 मीटर उंच आहे. तिथे मचाण बांधणे जवळपास अशक्य, आणि दोरावरचा माणूस एका दिवसात पाहून पाहून किती पाहणार? म्हणून बऱ्याच ठिकाणी तपासणी नदीपात्रात उभे राहून दुर्बिणीने होते. दुर्बिणीतून ओल दिसते, उघडा पडलेला गज दिसतो, काँक्रीटचा निघालेला पोपडा दिसतो. बारीक भेग दिसत नाही.

आता बारीक म्हणजे किती, हे आकड्यात पाहू, कारण ड्रोनची सगळी अडचण या आकड्यातून उभी राहते. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, साधारण परिस्थितीत भेगेची रुंदी 0.3 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असे म्हटले आहे. सतत ओल असेल तर 0.2, आणि त्याहून प्रतिकूल वातावरणात 0.1 मिलिमीटर. ड्रोनवर 45 मेगापिक्सेलचा चांगला कॅमेरा आणि 35 मिलिमीटरची लेन्स आहे असे धरू. खांबापासून दहा मीटर अंतरावर त्या कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये काँक्रीटचा सव्वा मिलिमीटर भाग मावतो. 0.3 मिलिमीटरची भेग त्यात विरघळून जाते. छायाचित्र देखणे येते आणि भेग नसल्यासारखी दिसते. पिक्सेल पाव मिलिमीटरवर आणायचा तर ड्रोनला दोन मीटरवर यावे लागते. दोन मीटरवर भिंत असताना वाऱ्याची एक झुळूक पुरते. आणि नुसते जवळ येऊनही भागत नाही. ड्रोन सेकंदाला अर्धा मीटर या गतीने सरकत असेल आणि शटर एक हजारांश सेकंद उघडले, तर तेवढ्या वेळात चित्र अर्धा मिलिमीटर सरकते, म्हणजे भेगेपेक्षा जास्त. पुलाच्या पोटाखाली उजेड कमी असतो. तिथे शटर शंभरांश सेकंद उघडे ठेवावे लागले तर चित्र पाच मिलिमीटर फासले जाते. म्हणजे वाऱ्यात ड्रोन पडला नाही एवढ्यावर समाधान मानता येत नाही. वाऱ्यात काढलेले चित्र वाचण्याच्या लायकीचे आहे का, ही खरी कसोटी. उड्डाण यशस्वी आणि तपासणी वाया, असे सहज होऊ शकते आणि तसे झाल्याचे जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला कळतही नाही.

पुलाखालची हवा वेगळीच वागते. मोकळ्या नदीवरून येणारा वारा खांबांमधल्या अरुंद जागेत शिरताना जोर धरतो, आणि खांबाच्या मागच्या बाजूला त्याचे भोवरे सुटतात. त्यामुळे खांबाच्या एका अंगाला स्थिर असलेला ड्रोन कोपरा वळताच हेलकावतो. गर्डरच्या पोटाशी फार जवळ गेल्यावर आणखी एक अडचण येते: पंख्यांच्या वर हवा यायला जागा उरत नाही, वरच्या बाजूचा दाब कमी होतो आणि ड्रोन छताकडे ओढला जातो. डोक्यावर काँक्रीट आले की उपग्रहाचे संकेत तुटतात किंवा खांबांवर आपटून उलटसुलट येतात, आणि ड्रोनला आपण कुठे आहोत हेच नीट कळत नाही. पोलादी गर्डरजवळ होकायंत्रही फसते. यावर उपाय निघाले आहेत. ड्रोन स्वतःच्या कॅमेऱ्यांतून किंवा लेझर किरणांच्या साहाय्याने भोवतालचा नकाशा तयार करतो आणि त्या नकाशात आपली जागा ठरवतो. स्वित्झर्लंडच्या फ्लायॅबिलिटी कंपनीने तर ड्रोनभोवती पिंजराच घातला, म्हणजे भिंतीला धडकला तरी पंखे शाबूत राहतात. बॉयलर, टाक्या, गटारे, खाणींचे बोगदे अशा ठिकाणी अशी यंत्रे वापरली जातात. आपल्याकडे याशिवाय एक अडचण असते जिचा उल्लेख परदेशी माहितीपत्रकांत सापडणार नाही: उंच पुलांच्या पोटाला लटकणारी आग्या माश्यांची पोळी. ड्रोनच्या आवाजाने आणि वाऱ्याने पोळे उठले तर ड्रोनचे काय व्हायचे ते होवो, खाली उभ्या माणसांच्या जिवावर बेतते. उड्डाणाच्या आधी दुर्बिणीने पोळी हेरून ठेवणे ही इथल्या चालकाच्या कामाची पहिली पायरी आहे.

माणसाने जाऊच नये अशा जागी ड्रोन किती पुढे जाऊ शकतो याचे टोकाचे उदाहरण जपानमध्ये आहे. फुकुशिमा दाईइची अणुवीज केंद्रात 2011 साली वितळलेल्या अणुभट्ट्यांपैकी पहिल्या भट्टीच्या आवरणपात्रात 2024 च्या सुरुवातीला तळहाताएवढे, दोनशे ग्रॅमच्या आतले ड्रोन पाठवण्यात आले आणि त्यांनी आतली छायाचित्रे आणली. तिथल्या किरणोत्सर्गात माणूस उभा राहू शकत नाही. अशा ठिकाणी ड्रोनने आणलेले धूसर चित्रही अनमोल, कारण त्याला पर्याय नाही. पुलांचे आणि घाटांचे तसे नसते. तिथे बहुतेक वेळा आपल्याला वेळ निवडता येते, आणि याच मुद्द्यावर माझा प्रचलित उत्साहाशी मतभेद आहे. भर पावसात, सोसाट्याच्या वाऱ्यात ड्रोन उडवून दाखवणे हे तंत्रज्ञानाचे प्रदर्शन म्हणून ठीक. चांगल्या औद्योगिक ड्रोनची वाऱ्याची मर्यादा सेकंदाला 12 ते 15 मीटर, म्हणजे ताशी साधारण 43 ते 54 किलोमीटर असते. जुलैत कोकणच्या किनाऱ्यावर ती सहज ओलांडली जाते. लेन्सवर पाण्याचा एक थेंब बसला की दोन मीटरवरची भेग दिसण्याचा प्रश्नच मिटतो. ढगाळ हवेत उष्णतेचा कॅमेराही निरुपयोगी ठरतो, कारण काँक्रीटचा आतून सुटलेला थर ओळखायचा तर आधी ऊन पडावे लागते: सुटलेला थर भोवतालच्या काँक्रीटपेक्षा लवकर तापतो आणि त्या फरकावरून तो दिसतो. पूर किंवा दरडीनंतर रस्ता तुटला असेल, पलीकडे माणसे अडकली असतील, तर त्या क्षणी ड्रोन वर गेलाच पाहिजे. तो बचावाचा भाग झाला. तपासणीचा हंगाम मात्र एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच आहे.

घाटातल्या दरडींच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसते. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ कोकण रेल्वेवर कटिंगमधून दगड रुळांवर आले, कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीतली विशेष गाडी त्यावर आदळली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी मृत्युमुखी पडले. वर्षभरातच, 16 जून 2004 रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस अशाच दगडांमुळे घसरली. दोन्ही अपघात पावसाळ्याच्या तोंडावरचे आहेत. त्यानंतर कोकण रेल्वेने उतारांवर जाळ्या बसवल्या, उतारांचा कोन कमी केला, पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग उतरवला, गस्त वाढवली. मध्य रेल्वेच्या बोर आणि थळ घाटांत हिल गँगची माणसे उन्हाळ्यात दोर बांधून कड्यावर चढतात, सुटलेले दगड पहारीने हलवून पाहतात आणि धोक्याचे दगड खाली पाडून टाकतात. सह्याद्रीचा कातळ थरांचा आहे. बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये जागोजागी तांबड्या मातकट दगडाचा पातळ पट्टा असतो. पाणी मुरून तो मऊ झाला की त्याच्यावरचा उभ्या भेगांनी चिरलेला कातळ आधार गमावतो. हा पट्टा कुठे उघडा पडला आहे, त्याच्यावरचा कातळ किती पुढे झुकला आहे, कड्याच्या माथ्यावर जमिनीला ताणाची भेग पडली आहे का, हे ड्रोनवरून जसे दिसते तसे खालून रुळांवरून दिसत नाही आणि दोरावर लोंबकळणाऱ्या माणसालाही पूर्ण दिसत नाही. पण हे सगळे मे महिन्यात, गवत वाळलेले आणि पाने झडलेली असताना. जुलैत तोच कडा हिरव्या पडद्याआड जातो. लेझर किरण पानांच्या फटींतून काही प्रमाणात जमिनीपर्यंत पोहोचतात, साधा कॅमेरा पोहोचत नाही. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट एका उड्डाणातून मिळतच नाही. यंदाच्या मे महिन्यातले त्रिमिती चित्र पुढच्या मे महिन्यातल्या चित्रावर ठेवले, की कोणता दगड वर्षात हातभर पुढे आला ते उघड होते. पहारीने दगड हलवून पाहणाऱ्या गँगमनला कुठे चढायचे ते आधी कळले तर त्याचे दिवस वाचतील आणि जीवही. ड्रोनमुळे या माणसांचे काम जाईल अशी भीती काहींना वाटते. दगड पाडायला, जाळी ठोकायला माणूसच लागणार आहे. ड्रोन त्याला आंधळेपणाने चढण्यापासून वाचवेल, एवढेच.

ड्रोनला काय दिसत नाही, हे तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. 15 डिसेंबर 1967 रोजी ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळला आणि 46 माणसे गेली. कारण होते साखळीसारख्या जोडणीतल्या एका पोलादी पट्टीच्या छिद्राच्या आतल्या बाजूची अडीच मिलिमीटर खोलीची चीर. जोड सुटा केल्याशिवाय ती दिसणेच शक्य नव्हते. इटलीत जेनोवाचा मोरांदी पूल 14 ऑगस्ट 2018 रोजी पडला, 43 माणसे गेली; त्याच्या ताणाच्या तारा काँक्रीटच्या आवरणात बंद होत्या आणि गंज आत चढत होता. दोन्ही ठिकाणी कितीही चांगला कॅमेरा कितीही जवळ नेला असता तरी उपयोग मर्यादितच झाला असता. काँक्रीट आतून सुटले आहे का हे जुने मुकादम हातोडीने ठोकून सांगतात, बद्द आवाज आला की तिथे खूण करतात. ती हातोडी अजून सुटलेली नाही. आणि आपल्याकडचा सर्वांत जवळचा धडा महाडचा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा 1928 सालचा दगडी कमानीचा पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि काही खासगी वाहने काळोखात नदीत गेली, सुमारे 40 माणसे बुडाली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असे सरकारने तेव्हा सांगितले. पुरात पूल जातो तो बहुधा पायाखालची माती आणि दगड वाहून गेल्याने. पाणी गढूळ आणि वेगवान असताना तिथे ड्रोन पाहू शकत नाही, पाणबुड्यालाही उतरवता येत नाही.

तरीही पायाच्या बाबतीत ड्रोनचा एक उपयोग आहे आणि तो आपल्याकडे पुरेसा चर्चेत नाही. देशावरच्या पुष्कळ नद्यांची पात्रे उन्हाळ्यात मैलोन्‌मैल कोरडी पडतात. त्या वेळी पुलाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला काहीशे मीटरपर्यंत पात्राचा नकाशा ड्रोनने अर्ध्या दिवसात निघतो आणि जमिनीवरच्या खुणांशी जोडला तर उंचीची चूक काही सेंटीमीटरच्या आत राहते. दरवर्षी असा नकाशा काढला, तर वाळूउपशाने पात्र किती खचले, खांबाभोवती खळगा किती वाढला, पायाचा कोणता भाग उघडा पडला, हे तोंडी तक्रारीऐवजी मोजमापात सांगता येईल. वाळूचा उपसा पुलाच्या मुळावर येतो हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असते. कागदावर आकडा नसल्याने ते सिद्ध होत नाही. भीमा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतल्या पुलांसाठी हा एकच कार्यक्रम नेमाने राबवला तरी ड्रोनवरचा खर्च सार्थकी लागेल, असे मी ठामपणे म्हणेन. ज्या नद्यांत उन्हाळ्यातही पाणी असते तिथे मात्र नावेवरून ध्वनिलहरींनी तळ मोजावा लागेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मेम्फिसचा तडा ड्रोनच्या चित्रात दुर्लक्षित राहिला हे खरे, पण तो डोळ्यांनी तपासणाऱ्या माणसांनाही दिसला नव्हता. मग माणसावर इतका भर कशाला? या आक्षेपाच्या बाजूने पुरावाही आहे. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने 2001 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या राज्यांतल्या 49 निरीक्षकांना तेच पूल तपासायला दिले होते. शून्य ते नऊ अशा मोजपट्टीवर एकाच भागाला त्यांनी सरासरी चार ते पाच निरनिराळे गुण दिले. म्हणजे पुलाची प्रकृती काही अंशी तो कोणाच्या वाट्याला आला यावर ठरत होती. मी या पुराव्यातून उलटा निष्कर्ष काढत नाही. माणसाचा डोळा चुकतो हे मान्यच आहे. पण चुकलेल्या डोळ्यामागे काही उरत नाही. निरीक्षक पाहून गेला, रकान्यात खूण केली, आणि त्याने नेमके काय पाहिले ते कायमचे हरवले. ड्रोनमागे चित्र उरते. 2019 मध्ये तडा होता हे आज आपल्याला छातीठोकपणे सांगता येते ते त्या चित्रीकरणामुळेच. म्हणून ड्रोन निरीक्षकाची जागा घेईल का, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. निरीक्षकाचे काम पडताळता येईल अशी नोंद ड्रोन मागे ठेवतो, ही त्याची खरी देणगी आहे. मात्र नोंद वाचणारा हवा.

वाचण्याचे ओझे किती असते याचा अंदाज वरच्याच हिशेबातून येतो. 60 मीटर उंच आणि चारही बाजूंनी चार मीटर रुंद असा एक खांब घ्या. दोन मीटरवरून एका चित्रात साधारण दोन मीटर रुंद आणि 1.4 मीटर उंच भाग येतो. त्रिमिती प्रतिकृती बनवायला चित्रे एकमेकांवर सत्तर टक्के चढलेली लागतात. असे धरले तर एका खांबाची जवळपास चार हजार छायाचित्रे होतात. एकेका चित्राला मिनिटभर दिले तरी 65 तास. एका अभियंत्याचे आठ दिवस, एका खांबासाठी. सॉफ्टवेअर ही चित्रे जोडून एक सलग पट तयार करते, त्यामुळे पुनरावृत्ती टळते, पण 960 चौरस मीटर काँक्रीट हातभर अंतरावरून पाहण्याचे काम शिल्लक राहतेच. इथे कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घेतले जाते. भेगा शोधणाऱ्या प्रणाली आहेत आणि त्या उपयोगीही आहेत. शंकास्पद जागा वेगळ्या काढून त्या माणसापुढे ठेवतात. पण त्या साच्याच्या फळ्यांची रेघ, पाण्याचा ओघळ, कोळ्याचे जाळे यांनाही भेग म्हणतात, आणि ज्या प्रकारची भेग त्यांना शिकवताना दाखवली नाही ती सोडूनही देतात. त्याहून महत्त्वाचे, भेग सापडणे आणि तिचा अर्थ लागणे यांत अंतर आहे. काँक्रीट वाळताना आकसल्याने आलेली भेग आणि आधाराजवळ तिरकी चढत गेलेली भेग चित्रात सारख्याच रुंदीच्या दिसू शकतात. पहिलीची नोंद पुरते, दुसरीसाठी कदाचित त्याच दिवशी जड वाहने थांबवावी लागतात. एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ कितीही कुशल असला तरी शस्त्रक्रिया करायची की नाही हे तो ठरवत नाही. पुलाच्या बाबतीत हा निर्णय त्या पुलाची रचना, त्याचे वय, त्याची जुनी दुखणी माहीत असलेल्या अभियंत्याचा आहे.

पैशाचा आणि परवानग्यांचा आक्षेप त्यामानाने हलका आहे. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी पूर्वीची किचकट परवानगीव्यवस्था बरीच सोपी केली. नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही, मात्र कामाचा ड्रोन नोंदवलेला आणि चालक प्रमाणपत्रधारक असावा लागतो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने 2021 मध्येच आपल्या प्रकल्पांचे दर महिन्याला ड्रोनने चित्रीकरण बंधनकारक केले. म्हणजे यंत्रे आहेत, नियम आहेत, चालक तयार होत आहेत. निविदांमध्ये मात्र किती किलोमीटर उड्डाण आणि किती तास चित्रीकरण याच भाषेत काम मोजले गेले, तर ठेकेदार तास भरून देईल आणि मिसिसिपीवरच्या त्या तड्यासारखा पुरावा हार्ड डिस्कमध्ये जाऊन बसेल. निविदेत पिक्सेलची कमाल मर्यादा लिहिलेली हवी, धूसर चित्रे परत काढण्याची अट हवी, मागच्या हंगामाच्या त्याच जागेच्या चित्राशी तुलना हवी, आणि प्रत्येक पुलासाठी अमुक अभियंत्याने ही चित्रे वाचली अशी नावानिशी सही हवी.

वाचल्यानंतरही एक पायरी उरते. मिनियापोलिसमधला आय-35डब्ल्यू पूल 1 ऑगस्ट 2007 रोजी कोसळून 13 जण गेले. चौकशीत निघाले की जोडांवरचे पोलादी पत्रे मूळ आराखड्यातच पातळ धरले होते, आणि 2003 च्या छायाचित्रांत ते वाकलेले स्पष्ट दिसत होते. चित्र होते, कृती झाली नाही. मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल धोकादायक असल्याचे सर्वांना माहीत होते, तिथे तसा फलकही होता. 15 जून 2025 रोजी, रविवारच्या गर्दीत, तो पडला आणि चौघांचा जीव गेला. तिथे ड्रोनची गरजच नव्हती. पूल खरोखर बंद करण्याची गरज होती. म्हणून प्रत्येक तपासणी अहवालाच्या शेवटी तीन गोष्टी छापील असाव्यात असे मला वाटते: काय आढळले, त्यावर कोणी किती दिवसांत काय करायचे, आणि ते झाले नाही तर पुलावरची वाहतूक कोण थांबवणार. शाखा अभियंत्याला पूल तात्पुरता बंद करण्याचा स्पष्ट अधिकार हवा आणि तो वापरल्याबद्दल त्याला त्रास होणार नाही याची हमीही हवी. मेम्फिसमध्ये निरीक्षकाने फोन उचलला आणि वाहतूक थांबली, कारण त्याला तसे करता येत होते.

सार्वजनिक पैशाने झालेल्या पूलतपासणीचे अहवाल आणि छायाचित्रे ही सार्वजनिक नोंद आहे. माहितीचा अधिकार कायदा 2005 पासून लागू आहे. दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आपण रोज ज्या पुलावरून जातो त्याची शेवटची तपासणी कधी झाली, ड्रोनची चित्रे असतील तर ती कोणत्या अभियंत्याने वाचली आणि त्यावर काय कारवाई झाली, हे तीन प्रश्न विचारणारा अर्ज येत्या पावसाळ्याच्या आत आपल्या जिल्ह्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागात द्यावा.